‘द फायरी क्रॉस’ यांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय पाचवा खंड, ऊर्फ ‘द फायरी क्रॉस’,
मु. फ्रेझर्स रिज, ब्रिटिश वसाहत नॉर्थ कॅरोलिना

विषय : ऑक्टोबर 1770 मधील एक दिवस वेळेत न मावळल्याबाबत

डायना गॅबल्डन यांच्या ‘आउटलँडर’ या इंग्रजी कादंबरीमालिकेचा पहिला खंड 1991 साली आला. 2021 पर्यंत मुख्य कथेचे नऊ खंड झाले. सदर अर्ज त्यांतील पाचव्या खंडासंबंधी आहे. हा खंड नोव्हेंबर 2001 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याची पाने हजाराच्या घरात जातात. अर्जदार म्हणजे मालिकेवर जीव टाकणारा, आणि तरीही या खंडाच्या पहिल्या शंभर पानांत कुठेतरी खूण घालून उठलेला वाचक. तो मालिकेचा शत्रू नव्हे. शत्रूने आधीचे चार जाडजूड खंड विकत घेतले नसते.

मालिकेची जातकुळी ठरवणे अवघड आहे. लेखिकेला ‘रोमान्स’ हा शिक्का मंजूर नाही. पहिल्या खंडाला मात्र अमेरिकेतील प्रणयकादंबरीकारांच्या संघटनेनेच पुरस्कार देऊन टाकला. इतिहास, कालप्रवास, वैद्यक, लढाया, वनस्पतिशास्त्र असे सगळे त्यात आहे, हे कबूल. पण वाचकाची झोप ज्यामुळे उडते ते एक जोडपे आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर, 1945 मध्ये, क्लेअर रँडल ही लष्करी परिचारिका नवऱ्याबरोबर स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसला येते, उभ्या शिळांच्या एका वर्तुळातून थेट 1743 मध्ये जाऊन पडते, आणि तिथे जेमी फ्रेझर या तरुण हायलँडरशी तिचे लग्न लागते. आधी जीव वाचवण्यापुरते, पुढे जन्माचे.

या संसाराच्या डोक्यावर पहिल्या दिवसापासून एक तारीख टांगलेली आहे. 16 एप्रिल 1746 रोजी कलोडनच्या माळावर उठाव केलेल्या जॅकोबाइट सैन्याचा तासाभरात धुव्वा उडणार आणि हायलँडची जुनी कुळव्यवस्था मोडीत निघणार, हे क्लेअरला ठाऊक आहे आणि वाचकालाही. पहिल्या खंडातले प्रत्येक सुख त्यामुळे मुदतीचे ठरते. दुसऱ्या खंडात हे दोघे पॅरिसला जाऊन तो उठावच होऊ नये म्हणून कारस्थाने करतात आणि हरतात. तिसऱ्यात वीस वर्षांची ताटातूट. क्लेअर विसाव्या शतकातील बॉस्टनमध्ये शल्यविशारद होते, मुलीला वाढवते, आणि जेमी लढाईतून वाचला होता हे कळल्यावर पुन्हा शिळांतून जाते. एडिंबरोच्या छापखान्यात उभ्या असलेल्या जेमीने तिला पाहून बेशुद्ध पडावे, हा प्रसंग लोकप्रिय कादंबरीच्या इतिहासात नोंदवण्याजोगा आहे. चौथ्या खंडात मंडळी अमेरिकेत पोचतात. गव्हर्नर ट्रायन यांच्याकडून दहा हजार एकर डोंगराळ जमीन मिळते, तीच फ्रेझर्स रिज; पाठोपाठ मुलगी ब्रिआना आणि तिचा प्रियकर रॉजर हेही काळ ओलांडून येऊन दाखल होतात. घर भरते.

येथपर्यंत अर्जदाराची कोणतीही तक्रार नाही.

चौथा खंड 1996 च्या अखेरचा. म्हणजे पाचव्यासाठी वाचकाने जवळपास पाच वर्षे वाट पाहिली. एवढ्या काळात त्याने आधीचे खंड पुन्हा वाचले, पात्रांच्या वंशावळी पाठ केल्या, आणि अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध आणि 1776 ची स्वातंत्र्यघोषणा आता आलीच, असा हिशेब मांडला. पुस्तक उघडले तेव्हा स्कॉटिश वस्तीकऱ्यांचा डोंगरातला मेळावा चालू होता. मेळाव्याचा शेवटचा दिवस. पहाट झाली. पन्नास पाने झाली. सकाळच होती.

हा दिवस शंभराहून अधिक पाने चालतो. त्यात काहीच घडत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. गव्हर्नरचे फर्मान वाचून दाखवले जाते. क्लेअर रुग्ण तपासते, मग आणखी रुग्ण तपासते. दोन लग्ने ठरलेली आहेत, ब्रिआना-रॉजरचे आणि जेमीची मावशी जोकास्टा हिचे. पण कॅथलिक धर्मगुरूला अटक होते आणि दोन्ही लग्ने खोळंबतात. तरुण आईचा पान्हा, तान्ह्याची ओली दुपटी, कॉफी मिळते की नाही, कोणाचे कोणाशी बिनसले आहे, हे सारे यथासांग येते. संध्याकाळी शेकोटीच्या उजेडात एक लग्न अखेर लागते, तेही प्रेस्बिटेरियन पद्धतीने. कीर्तनात पूर्वरंग लांबला तर श्रोते बुवांच्या मुखाकडे पाहून सोसतात, कारण आख्यान येणार याची खात्री असते. येथे आख्यान कोणते, हेच पूर्वरंगातून कळत नाही.

खंडाचे नाव या संदर्भात तपासण्यासारखे आहे. अग्निक्रूस ही स्कॉटिश हायलँडमधील लढाईची हाक. लाकडी क्रूसाची टोके जाळून तो रक्तात विझवायचा आणि धावकाच्या हाती द्यायचा; एका वस्तीतून दुसरीत, हातोहात, न थांबता. वॉल्टर स्कॉट यांनी 1810 च्या ‘द लेडी ऑफ द लेक’ या काव्यात ही प्रथा जगभर पोचवली. त्या काव्याच्या तिसऱ्या सर्गाचे नाव मेळावा असेच आहे, आणि त्यात नुकतेच लग्न लागलेला नवरदेव देवळाच्या दारात क्रूस हाती पडताच नवरीला तिथेच सोडून धावत सुटतो. स्कॉट हा काही आटोपशीर लिहिणारा म्हणून प्रसिद्ध नाही. तरी त्याच्याकडे क्रूस धावतो आणि लग्न मागे राहते. सदर खंडात लग्न दिवसभर चालते आणि क्रूस आपला नंबर लागण्याची वाट पाहतो.

मेळावा संपल्यावर कथा फ्रेझर्स रिजवर परतते आणि बराच काळ तिथेच रमते. पावावरच्या बुरशीपासून पेनिसिलिन काढण्याचे प्रयोग, शेजारपाजार, जनावरे, नातवाचा खरा बाप कोण हा सलणारा प्रश्न. जेमीला जमिनीच्या बदल्यात गव्हर्नरच्या बाजूने माणसे उभी करावी लागतात, आणि समोर आहेत रेग्युलेटर, म्हणजे भ्रष्ट अधिकारी आणि जाचक कर यांविरुद्ध उठलेले आतल्या मुलखातले शेतकरी. 16 मे 1771 रोजी ॲलमान्स येथे ट्रायन यांच्या सुमारे हजार शिपायांनी सुमारे दोन हजार रेग्युलेटरांना पिटाळले. पुढच्या महिन्यात हिल्सबरो येथे सहा जणांना फाशी झाली. इतिहास म्हणून हा प्रसंग महत्त्वाचा आहे. कादंबरीचा कणा म्हणून तो कलोडनची जागा घेऊ शकत नाही, कारण ॲलमान्सची तारीख नॉर्थ कॅरोलिनाबाहेरच्या फारशा कोणाला पाठ नसते. जी तारीख सर्वांना पाठ आहे, ती पाच वर्षे पुढे उभी. जेमी आणि क्लेअर 1776 मध्ये घराला लागलेल्या आगीत मेले, अशी वर्तमानपत्रातली बातमी चौथ्या खंडातच सापडलेली आहे; तिचा निकालही या खंडात लागत नाही.

न्यायाच्या दृष्टीने दोन गोष्टींची नोंद आवश्यक आहे. पहिली ॲलमान्सचीच. रॉजर हा ऑक्सफर्डचा इतिहासकार आणि उत्तम गायक. तो रेग्युलेटरांचा पुढारी हर्मन हजबंड याच्याकडे लढाई टाळण्याचा निरोप घेऊन जातो, परतताना गैरसमजातून बंडखोर म्हणून पकडला जातो आणि फासावर लटकतो. त्याचा जीव वाचतो, गळा वाचत नाही. या प्रसंगानंतरची काही प्रकरणे, म्हणजे बोलू न शकणारा नवरा आणि त्याच्याशी काय बोलावे हे न सुचणारी बायको, मालिकेतील सर्वोत्तम लेखनात मोडतात. त्यांत घाई नाही, आणि ती असायलाही नको होती. दुसरी गोष्ट सर्पदंशाची. जेमीच्या पायाला रॅटलस्नेक चावतो, पाय कापण्याची वेळ येते, आणि यंत्रविद्या शिकलेली ब्रिआना सापाच्याच विषदंतापासून सुई बनवते, जिच्यातून क्लेअर त्या बुरशीचे औषध जखमेत सोडते. शेकडो पाने मागे कंटाळवाणी वाटलेली बुरशी येथे कामाला येते, हे अर्जदाराने नाइलाजाने मान्य केले आहे.

आणखी एक बाजू वाचक सहसा बोलून दाखवत नाहीत. या खंडात नायिका पन्नाशी ओलांडलेली आणि नायक पन्नाशीला टेकलेला आहे. दोघे आजी-आजोबा झाले आहेत. प्रणयकादंबरीत या वयाच्या माणसांना बहुधा आशीर्वाद देण्यापुरते बोलावले जाते. येथे ते अंथरुणातही आहेत आणि केंद्रस्थानीही. चष्मा, सांधे, दातदुखी यांसह. अशा प्रेमात ताटातूट नाही, मुदत नाही, दाराशी सैनिक नाहीत. जे आहे ते रोजचे आहे, आणि रोजचे लिहायचे तर दुपटीही येणारच. वाचकाने तीन खंड ज्यांच्यासाठी नवस केले ते दोघे एकत्र आले, घर बांधून राहिले, आणि वाचकाला जांभई आली. या जांभईची सगळी जबाबदारी खंडावर टाकणे कायद्यात बसेल की नाही, शंका आहे.

तरीही उरलेली जबाबदारी आहेच, आणि तिचे कारण लेखनपद्धतीत सापडते. गॅबल्डन आराखडा न करता, सुटे सुटे प्रसंग सुचतील तसे लिहितात आणि नंतर ते सांधतात. हे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. पहिल्या तीन खंडांत 1746 ही तारीख त्या सुट्या प्रसंगांना आपल्याकडे ओढून घेत होती, म्हणून सांधे दिसले नाहीत. पाचव्यात ओढणारे काही नाही. जोडीला चार खंडांत जमलेली माणसे. प्रत्येकाला एक तरी प्रसंग हवा, कारण प्रत्येकाचा कोणी ना कोणी लाडका वाचक आहे. मालिका जसजशी लोकप्रिय होते तसतसा संपादकाची कात्री चालवण्याचा उत्साह कमी होतो, हा लांब मालिकांचा सर्वत्र आढळणारा रोग आहे. ड्युमाच्या तीन शिलेदारांची कथाही शेवटच्या भागात अशीच फुगली; पण ती वर्तमानपत्रात क्रमशः छापली जात होती, आणि लांबण लावण्याचे ड्युमाला रोख पैसे मिळत. सदर खंडाला ती सबब उपलब्ध नाही.

दूरचित्रवाणीवाल्यांनी या बाबतीत काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. मालिकेचा पाचवा हंगाम 2020 मध्ये बारा भागांत आला. मेळाव्याचा तो अखंड दिवस त्यांनी गुंडाळला, ब्रिआना-रॉजरचे लग्न थेट फ्रेझर्स रिजवर लावले आणि क्रूस त्याच पहिल्या भागाच्या शेवटी पेटवला. पुस्तकात कलोडनलाच मेलेला जेमीचा धर्मपिता मर्टा त्यांनी जिवंत ठेवला होता. त्याला ॲलमान्सला मारून त्या लढाईला नसलेले वजन आणले. हंगामाचा शेवट तर सहाव्या खंडातून उचलला. म्हणजे पाचव्या खंडावर बेतलेल्या हंगामाला शेवटी पाचवा खंड पुरला नाही. काही निष्ठावंत वाचक यावरही चिडले. ज्या पानांवर त्यांना पेंग आली होती तीच पाने गाळल्याबद्दल चिडले, हे येथे केवळ नोंदीसाठी.

सहावा खंड 2005 मध्ये आला आणि त्याने बरीचशी थकबाकी फेडली. युद्ध जवळ आले, आगीच्या बातमीचा निकाल लागला, खून झाला, संशय क्लेअरवर आला, तिला तुरुंग पाहावा लागला. त्या खंडाला अमेरिकेत 2006 चा क्विल पुरस्कारही मिळाला. पाचव्याच्या समर्थकांचे म्हणणे असे की, सहाव्याची पेरणी पाचव्यात झाली. ते खरे असेल. मात्र पेरणीचे बिल पिकाएवढेच आकारले गेले.

वरील परिस्थितीत अर्जदाराची विनंती मर्यादित आहे. ॲलमान्सपासून पुढची पाने आहेत तशी राहू द्यावीत. सापाला हात लावू नये. मेळाव्याचा दिवस पुढील आवृत्तीत दुपारी बारापासून सुरू व्हावा; ते शक्य नसल्यास ज्या पानावर सूर्य मावळतो त्याचा क्रमांक पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापावा. खूण घालून उठलेल्या वाचकांना खूण आहे तिथूनच पुढे वाचण्याची मुभा असावी, मागचे आठवत नाही म्हणून पुन्हा पहाटेपासून बसवू नये. आठव्या आणि नवव्या खंडांमध्ये सात वर्षांचे अंतर पडले, त्याबद्दल वेगळा अर्ज करण्यात येईल.

कळावे,
अर्जदार वाचक

प्रत : दहावा खंड (नियोजित), माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी