नवरदेव

आमच्या नागावात त्याला सगळे ‘नवरदेव’ म्हणतात. खरं नाव रेशनकार्डावर आहे, पण ते वाचायची वेळ कुणावर येत नाही. ज्याचं लग्न होतं त्याला ही पदवी एक दिवसापुरती मिळते. संध्याकाळी मंडपवाला खुर्च्या गोळा करायला लागला की तीही गोळा होते. ह्याच्याकडे ती आठ वर्षं आहे.

वय चौतीस. दीड एकराची वाडी, त्यात नारळ आणि पोफळी, मागच्या बाजूला चार खोल्यांचा होमस्टे. दिसायला चारचौघांसारखा, म्हणजे चारचौघांत उभा केला तर पटकन सापडत नाही. दारू नाही, तंबाखू नाही, पत्रिकेत मंगळ नाही, कर्ज आहे पण तेही वेळेवर फेडतो. थोडक्यात, नकार द्यायला हाताशी काही कारण नाही. त्यामुळे ह्याचं लग्न मोडायला दर वेळी निसर्गाला किंवा सरकारला जातीने मध्ये पडावं लागतं.

अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ साली तिथल्या कुलाबा वेधशाळेचं हे काम इथे हलवलं. पृथ्वीच्या चुंबकत्वात तसूभर फरक पडला तरी तिथे नोंद होते. तिथून आठ-नऊ किलोमीटरवर हा माणूस इतकी वर्षं राहतो. त्याच्या आकर्षणाची नोंद अजून कुठेही झालेली नाही.

म्हणून ती नोंद तो स्वतःच ठेवतो. नारळाच्या पाडणीचा हिशोब ज्या वहीत आहे तिच्या मागच्या बाजूने त्याने रकाने आखलेत: तारीख, तिथी, गाव, कारण. पुढून नारळ आणि मागून मुली अशी ही वही मधोमध कधीतरी गाठ घेणार आहे. मला तो ‘काका’ म्हणतो आणि ओटीवर बसून वाचून दाखवतो. आवाजात दुःख कमी, अभ्यास जास्त. एखादा वैद्य दुर्मिळ रोगाबद्दल बोलतो तसा तो आपल्या नशिबाबद्दल बोलतो.

सुरुवात मोबाइलवरच्या जोडी जुळवायच्या ॲपने झाली. त्यात किती किलोमीटरच्या आतली मुलगी चालेल ते सांगायचं असतं. ह्याने चाळीस सांगितले. आता नागावच्या किनाऱ्यावर कंपासचं टोक रोवून चाळीस किलोमीटरचा घेर काढला तर निम्मा अरबी समुद्रात जातो. तिथून कुणी उत्तर देण्याची शक्यता नव्हती. उरलेल्या निम्म्यातून एक उत्तर आलं, ते थेट मुंबईच्या कुलाब्याहून. अंतर पस्तीस किलोमीटर. “इतकं जवळ? मग कॉफीला ये की,” असं तिने लिहिलं. ॲप अंतर मोजतं ते कावळ्याचं. महिना जून, साल २०१९. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद. हा निघाला तो वडखळ, पेण, पनवेल असा सगळा रायगड जिल्हा पाहत, वडखळच्या नाक्यावर दीड तास ट्रकांच्या मागच्या पाट्या वाचत. पोचला तेव्हा कॉफीची वेळ जाऊन जेवणाची झाली होती आणि मुलगी घरी गेली होती. वहीत कारण: ‘लाँच बंद.’

मुलगी मात्र चांगली होती. रागावली नाही, बोलत राहिली. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली, गाडीसकट तासाभरात समुद्रापार. तिने कळवलं, आता मीच येते गाडी घेऊन. तारीख ठरली रविवार, २२ मार्च. त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता हा मांडव्याच्या जेटीवर नव्हता, अंगणात उभा राहून ताट वाजवत होता. जनता कर्फ्यू! त्यानंतर सगळंच बंद. फोनवर मात्र जमत गेलं. अगदी ‘आई-बाबांशी बोलू का’ इथपर्यंत आलं, आणि ३ जूनला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर चढलं. विजेचे खांब गेले, मोबाइलचे मनोरे मुके झाले. किती तरी दिवस गावाला जगाचा पत्ता नव्हता. रेंज आली तेव्हा तिच्या लग्नाचे फोटो आले. पन्नास माणसांत झालं. ह्यालाही बोलावलं असतं म्हणे, पण एक्कावन्नावा झाला असता.

वादळाने वाडीतल्या अर्ध्याहून जास्त पोफळी झोपवल्या. पोफळ नव्याने लावली तर सुपारी धरायला पाच-सहा वर्षं तरी जातात. त्यानंतरच्या वर्षी श्रीवर्धनकडचे एक पाहुणे आले. त्यांच्याकडेही तीच दशा झालेली. “झाडं किती?” त्यांनी विचारलं. ह्याने प्रामाणिकपणे विचारलं, “उभी की आडवी?” पाहुणे हसले, कारण त्यांचंही उत्तर तेच होतं. पण आपल्यासारख्याच बुडालेल्या घरात मुलगी कोण देणार? वहीत कारण: ‘वादळ.’ हे कारण दोनदा आलं आहे, म्हणून दुसऱ्यांदा नुसत्या दोन टिकल्या दिल्या आहेत.

मग पुण्याची मुलगी. ही हकीकत सांगताना तो अजूनही उठून उभा राहतो.

पहिली भेट पुण्यात बरी झाली होती. दुसरीला ती अलिबागला येणार, आणि दोघं ओहोटीला चालत इथल्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात जाणार, असं ह्याने ठरवलं. भरतीचं गणित आमच्याकडे मुलांना पाढ्यांबरोबर शिकवतात: तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ निघते. रविवारी अष्टमी होती. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणजे बाराला ओहोटी. गणित बरोबर! चूक एवढीच की आजोबांनी सांगितलेल्या सूत्राचा पहिला अर्धाच ह्याला पाठ होता. दुसरा अर्धा असा, की पुनव-अवसेला उधाण असतं, पाणी चढतं तेवढंच आटतंही. अष्टमीला असतो भांग. भांगाचं पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. बारा वाजता दोघं किनाऱ्यावर उभी, समोर किल्ला, आणि मध्ये मांडीभर पाणी.

तिथे घोडागाड्या असतात. ह्याने गाडी केली. किल्ल्यात सिद्धिविनायकाचं दर्शन झालं, चारी बाजूंनी खारं पाणी असताना गोड पाण्याचं तळं कसं, हे त्याने समजावलं. तटावर बसून तासभर बोलणं झालं. तो म्हणतो, काका, आयुष्यातला तो सर्वांत चांगला तास. वेळ कसा गेला कळलं नाही. ते घोडागाडीवाल्याला कळलं होतं. पाणी वाढायला लागल्यावर तो शहाणा माणूस हाका मारून निघून गेला. ह्यांनी हाका ऐकल्या, पण त्या दुसऱ्या कुणाला असतील असं ह्याला वाटलं. होडी मिळेपर्यंत साडेचार झाले. मुलीची पाचची पुण्याची गाडी गेली. तिच्या वडिलांचे अकरा फोन येऊन गेले होते. ओल्या चपला हातात धरून तिने अगदी शांतपणे विचारलं, “तुम्ही अलिबागचेच ना?”

आता हा प्रश्न आम्हाला कसा लागतो ते इतर जिल्ह्यांतल्यांना कळणार नाही. ‘अलिबागसे आया है क्या’ ह्या वाक्यावर बंदी घाला म्हणून आमच्याकडचे एक गृहस्थ मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले होते. २०१९ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली. असे विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका, असा एकूण सूर होता. त्यामुळे नवरदेवाला कायद्याचाही आधार राहिला नाही. वहीत कारण: ‘भांग.’ ही वही परक्याच्या हाती पडली तर हा शब्द वाचून तो भलताच ग्रह करून घेईल, हे मी त्याला सांगितलं आहे.

त्यानंतर एक इतिहासात एम.ए. झालेली आली. हिच्याशी हिच्या विषयात बोलावं म्हणून तो तिला, तिच्या वडिलांसह, आक्षीचा शिलालेख दाखवायला घेऊन गेला. आपल्या शेजारचं गाव, आणि शिळा केवढ्या मानाची! शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ चा हा लेख मराठीतला सर्वांत जुना मानला जातो. वरती चंद्र-सूर्य आहेत इथपर्यंत त्याने छान सांगितलं. मग तो उत्साहाच्या भरात खाली शापवाणीपर्यंत गेला आणि गद्धेगाळ म्हणजे काय ते समजावायला लागला. वाचकांना हे ठाऊक असेल. नसेल तर घरात वडीलधारं कुणी नसताना विचारावं. तो मात्र वडीलधाऱ्याच्या समोरच सांगत होता. मुलगी विषयाची जाणकार असल्याने खाली बघून हसत होती. वडील विषयाचे जाणकार नव्हते. वहीत कारण: ‘गाढव.’

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी बाशिंगं बांधून, घोड्यांवर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला, आम्हाला मुली मिळत नाहीत म्हणून. पेपरातला तो फोटो ह्याने कापून वहीत चिकटवला आहे. रायगडातही असा मोर्चा काढायचं त्याच्या मनात होतं. पण डिसेंबर म्हणजे आमचा सीझन. अलिबागच्या किनाऱ्यावरचा एकही घोडा मोकळा नव्हता.

ह्या सगळ्यात त्याचा एक लौकिक मात्र झाला. ह्याने पाहिलेली मुलगी वर्षाच्या आत उजवली जाते. एकीलाही अपवाद नाही. सहा महिन्यांत पत्रिका येते, हा आहेर करून येतो, पंगतीत वाढायलाही लागतो. रोह्याहून एकदा एक गृहस्थ आले. मुलीचं चार वर्षं अडलं होतं. चहा घेऊन झाल्यावर घसा खाकरून म्हणाले, “पसंती-नापसंतीचं आपण नंतर बघू हो. तुम्ही नुसते एकदा येऊन पोहे खाऊन जा.” हा गेला, पोहे खाल्ले. मार्गशीर्षात मुलीचं लग्न झालं, नवरा ठाण्याचा.

हे सगळं मी हसत ऐकत होतो, गेल्या दिवाळीनंतर एका बघण्याच्या कार्यक्रमाला वडीलधारा म्हणून त्याच्या घरी बसेपर्यंत. मुलगी पेणची, पतपेढीत नोकरीला. बोलायला मोकळी. ह्याने भरती-ओहोटीचा विषय काढला नाही, मला हायसं वाटलं. मग त्याची आई बाहेर आली. माउली प्रेमळ आहे, हाताला चव अशी की होमस्टेवर येणारे दादरकर समुद्र बघायचा विसरतात. मुलीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “आमच्याकडे काही जड नाही हो. शनिवार-रविवारी वीस-पंचवीस पानं उठतात, तेवढंच. शनिवारी साठ भाकऱ्या. तांदळाची भाकरी येते ना तुला? आता माझे गुडघे गेले.”

मुलीने स्वयंपाकघराच्या दाराशी उभी करून ठेवलेली परात पाहिली. त्या परातीत लहान मूल निजवता येईल. मग तिने विचारलं, “आणि मी कामावर कधी जायचं?”

आई हसली. तिला तो विनोद वाटला. तेवढ्यात लाईट गेली. आमच्याकडे ती जातेच. अंधारात नमस्कार-चमत्कार झाले आणि पाहुणे उठले. आठवड्याने नकार आला. मी वही मागून पाहिली. कारण: ‘लाईट गेली.’

मी त्याला विचारलं, “का रे, प्रत्येक घरी भाकऱ्यांचा विषय निघाला होता?”

त्याने खूप विचार केला. वहीची पानं मागे-पुढे केली. त्या कुलाब्याच्या मुलीला त्याच्या आईने लॉकडाऊनमध्ये व्हिडिओवर भाकरी थापायला शिकवली होती, हेही आठवून सांगितलं. पुण्याच्या मुलीला तटावरच्या त्या सोन्यासारख्या तासात ह्याने स्वतःच भाकऱ्यांचा हिशोब सांगितला होता.

“निघाला होता,” तो म्हणाला. “पण काका, लाईटही गेली होती.”

मी वाद घातला नाही. पण त्याच्या आईशी बोललो, गुडघ्यांच्या निमित्ताने. आणि तिला पटलं, गुडघ्यांच्याच निमित्ताने.

तर वाचकांपैकी कुणाच्या पाहण्यात मुलगी असेल तर जरूर कळवावं. मुलगा निर्व्यसनी आहे, पोफळी पुन्हा धरू लागल्या आहेत, होमस्टेला इन्व्हर्टर बसवला आहे. भेट शक्यतो अष्टमी टाळून ठरवावी. आणि मुख्य म्हणजे, एक तारखेपासून भाकऱ्यांना बाई लावली आहे. ‘बाई ठेवली आहे’ असं तो परवा मुरूडच्या पाहुण्यांसमोर आनंदाने बोलून गेला आणि ते स्थळ तिथल्या तिथे उठून गेलं. पण ते वहीत लिहून झालं आहे.