साडेचार क्विंटलची रॅम

श्टुटगार्ट, रविवार, २१ डिसेंबर २०२५

ती. आप्पा व सौ. आईस,


पार्सल पोचलं. बिबड्या निम्म्या मोडल्या होत्या. चुऱ्यावर तेल-कांदा टाकून मी आणि छोटीने फस्त केल्या. काळा मसाला हिने पासपोर्टांच्या खणात ठेवलाय.

आता फोनवरचा घोळ. आई, मी विमान शिकत नाहीये. धुळ्याच्या मामींना सांग, हा कॉम्प्युटरवरचा खेळ आहे, पडलो तरी खुर्चीतच पडतो. गोंदूरला शिकाऊ पोरांचं विमान डोक्यावरून गेलं की त्या तुळशीपाशी जाऊन उभ्या राहतात, तसं इथे काही नाही.

खर्चाचं मात्र मामींनी खरं सांगितलं. या फ्लाइट सिम्युलेटरच्या किमान गरजांत आमच्याच म्हाताऱ्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर लिहिलेला, आय-फाइव्ह ४४६०. हुरळलो. विमान उडालं, पण शेतातल्या बैलगाडीसारखं हिसके देत. म्हटलं, रॅम वाढवू. नवी रॅम जुन्या मदरबोर्डात बसेना. नव्या मदरबोर्डात जुना प्रोसेसर बसेना. ग्राफिक कार्ड आणलं, त्याला एसएमपीएसची वीज पुरेना. शेवटी जुन्यातलं उरलं काय, तर माउस आणि जिभाऊंनी चिकटवलेलं 'शुभ लाभ'.

त्यात एआयवाल्यांच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलली. उन्हाळ्यात शंभर युरोला असलेली ३२ जीबी रॅम मला साडेतीनशेला पडली. आप्पा, कापसाचा हमीभाव ८,११० धरला तर साडेचार क्विंटल! बोटभर दोन पट्ट्या. तुमच्या हातात हमीभावही पडत नाही हे माहीत आहे, म्हणून हिशेब इथेच थांबवतो.

गेल्या रविवारी जोडायला बसलो, तर एसएसडीचा तांदळाएवढा स्क्रू हरवला. इथे रविवारी दुकानं बंद. ड्रिल चालवायचं नाही, रिकाम्या बाटल्या काचेच्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो. स्क्रू शोधायला व्हॅक्यूम क्लीनर लावला, तर दोन मिनिटांत खालच्या आजी दारात. रागावल्या नाहीत. नुसत्या घड्याळाकडे, मग कॅलेंडरकडे बघत उभ्या राहिल्या. आपल्या जळगावात गोलाणी मार्केटला अर्धं शटर उचलून कोणीही स्क्रू दिला असता, वर 'जर्मनीत भेटत नाही का?' म्हणून चहाही पाजला असता.

आई, गिरणी विकली म्हणतेस, मग कळणा कुठे दळणार? ताईच्या दिराने पुन्हा मुलगी नाकारली? त्याला म्हणावं, किमान गरजा जरा कमी कर.

काल रात्री पहिलं नीट उड्डाण झालं, जळगावहूनच. २०१२ साली राष्ट्रपती प्रतिभाताईंनी विमानतळाचं उद्घाटन केलं तेव्हा आप्पा, तुम्ही म्हणाला होतात, "इथून जाणार कोण?" मी गेलो. मेहरूण तलावावरून वळलो. महापालिकेच्या सतरा मजलीच्या जागी खेळाने भलतंच खोकं उभं केलेलं. खालचा फोटो उपग्रहाचा, वरची घरं अंदाजपंचे. आपल्या गच्चीवर चक्क कौलं चढवलीत.

पण दारातला निंब आहे, आई. जूनमध्ये गटारासाठी तोडला तो. फोटो जुना असणार. मी चार घिरट्या घातल्या. हिने विचारलं, "उतरत का नाही?" म्हटलं, धावपट्टी दिसत नाही.

कुकरची तिसरी शिट्टी झाली, उठतो. निंबाचं लाकूड विकलं का ते कळवा. नसेल विकलं, तर एक पाट करून ठेवा.

तुमचा,
धाकटा