जे आधी होईल ते

जुनी गाडी विकणारा माणूस रंगाबद्दल बोलतो, टायरबद्दल बोलतो, मूळ मालक डॉक्टर होते हेही सांगतो, पण सौदा पक्का करायची वेळ आली की आवाज खाली आणून एकच वाक्य टाकतो : "गाडी चाललेलीच नाही हो." घेणाऱ्याचे डोळे लकाकतात. मग ती गाडी घरी येते, आणि न चाललेली गाडी म्हणजे काय हे त्याला पहिल्या पावसाळ्यात कळतं. मला हे कोणी विकलं नाही. माझी गाडी पहिल्या दिवसापासून माझीच आणि पहिल्या दिवसापासून न चाललेली. 1998 ची मारुती 800, पांढरी, चार गिअरची, कार्ब्युरेटरवाली. मीटरवर एकतीस हजार किलोमीटर व्हायचे होते, तेव्हाची ही हकिकत.

एवढ्या वर्षांत एवढंच कसं, असं विचारणाऱ्यांनी डोंबिवलीत राहून बघावं. कामाला जायचं लोकलने, बाजाराला पायी, लग्नाला रिक्षाने, कारण हॉलपाशी पार्किंग नसतं. राहिला रविवार. रविवारी गाडी धुवायची. माझा अंदाज असा की त्या गाडीला पेट्रोलपेक्षा पाणी जास्त लागलं असावं. ओला कपडा, कोरडा कपडा, मग काचेला वर्तमानपत्र, आणि शेवटी सोसायटीतला कोणीतरी येऊन म्हणायचा, "वा, नवीच दिसते!" ते ऐकलं की मी तिच्यावर कव्हर घालून वर चहाला जायचो.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकला राहायला आलो आणि गाडीही आली. एमएच 05 चा नंबर बघून पोरं पहिले काही दिवस 'कल्याणवाले आले' म्हणायची. गाडी अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. उभं राहणं हा तिचा मूळ व्यवसायच, त्यामुळे ती लगेच रुळली.

अडचण एवढीच की या कामासाठी मी गाव फार चुकीचं निवडलं होतं. गागोदे हे विनोबांचं गाव. 11 सप्टेंबर 1895 ला ते इथे जन्मले, आजोबांच्या देखरेखीखाली वाढले आणि दहा वर्षांचे व्हायच्या सुमाराला वडिलांकडे बडोद्याला गेले. पुढे 1951 मध्ये हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन भरलं. जायला रेल्वे होती. विनोबा पवनारहून चालत निघाले. संमेलन आटोपल्यावर 18 एप्रिलला पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर जमीन देऊ केली, आणि मग हा माणूस भूदान मागत जो चालत सुटला तो तेरा वर्षं चालत राहिला. पन्नास हजार किलोमीटरांच्या वर चालणं झालं. आता हिशेब बघा. या गावच्या एका कृश, पोटाच्या दुखण्याने बेजार म्हाताऱ्याने नुसत्या पायांनी जेवढं अंतर कापलं, त्याच्या दोनतृतीयांशही माझी गाडी चार चाकं आणि 796 सीसीचं इंजिन लावून दुप्पट वर्षांत गेली नव्हती.

हा हिशेब मी कोणाला सांगत नाही, पण लोक तो अंगणात आणून देतात. एकदा विनोबांचं जन्मघर बघायला आलेले एक गृहस्थ आमच्याकडे पाणी मागायला आले. पाणी पिता पिता शेडकडे बघून त्यांनी अतिशय आदराने विचारलं, "ही त्यांचीच का?" मी म्हटलं, "नाही हो, माझी." मग राहवेना म्हणून सांगितलं, की विनोबा गेले 15 नोव्हेंबर 1982 ला आणि पहिल्या मारुती 800 ची चावी इंदिरा गांधींनी दिल्लीत मालकाच्या हातात ठेवली 14 डिसेंबर 1983 ला, त्यामुळे दोघांची गाठ पडायचा संभवच नव्हता. गृहस्थांनी मान डोलावली, तरी जाताना गाडीचा फोटो घेतलाच. आता तो कुठल्या मथळ्याखाली फिरतोय कोण जाणे.

गाडीचं पहिलं दुखणं निघालं ते बॅटरीचं. किल्ली फिरवली की सेल्फ एकदा खाकरायचा आणि गप्प. शेजारची चार पोरं, थोडा उतार, दुसरा गिअर, क्लच सोडला की झटका, आणि गाडी चालू. पोरांना हे इतकं आवडायचं की बॅटरी चांगली असली तरी ती धक्का द्यायला उभी. नवी बॅटरी आणली, तीही वर्षभरात बसली. मग मेस्त्रीला बोलावलं. पोरगा तिशीचा, पण बोनेट उघडून नुसता वास घेतला आणि निदान केलं.

"काका, गारी बसून बसून आजारी परली."

मी म्हटलं, "अरे, चाललीच नाही तर झिजेल कशी?"

"झिजली नय. कुजली."

हा शब्द मला लागला. मी सर्व्हिसची पुस्तिका आणून त्याच्यापुढे ठेवली. ती अजून कोरी करकरीत होती, तिच्यातून शोरूमचा वास येत होता. अमुक हजार किलोमीटरला ऑइल, तमुक हजारला प्लग, सगळं मी पाळलेलं. त्याने मळक्या बोटाने ओळीचा उरलेला भाग दाखवला : 'किंवा इतके महिने, जे आधी होईल ते.' गाडीवाल्यांच्या दोन जाती असतात. टॅक्सीवाला किलोमीटरचा कॉलम वाचतो, त्याचे किलोमीटर आधी होतात. माझ्यासारख्याचे महिनेच आधी होतात, आणि महिन्यांचा कॉलम वाचायची आपल्याला सवय नसते, कारण महिने फुकट असतात.

त्याने ऑइल भरायचं झाकण फिरवून उलटं केलं. आतून ताकावरच्या लोण्यासारखा पांढरट थर. गाडी नाक्यापर्यंत नेऊन परत आणली की इंजिन पुरतं तापत नाही, आत हवेतल्या ओलाव्याचं पाणी सुटतं, ते ऑइलमध्ये घुसळलं जातं. सायलेन्सरही तसाच आतून गंजतो, कारण तिथलं पाणी उडून जायला गरम धूर बराच वेळ वाहावा लागतो. बॅटरीचं तर आणखी सोपं होतं. सेल्फ मारताना ती जेवढं देते तेवढंही परत मिळायच्या आत आपण गाडी बंद करतो. अर्धीमुर्धी भरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की तिच्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो आणि मग ती चार्ज घेईनाशी होते. म्हणजे आठवड्यातून एकदा दहा मिनिटं गाडी अंगणातच चालू करून ठेवण्याचा माझा जो शास्त्रशुद्ध उपचार होता, तोच तिचा आजार वाढवत होता. "त्यापेक्षा मायनसचा टर्मिनल काढून ठेवा न् झोपा," असं तो म्हणाला.

पेट्रोलचं त्याने वेगळंच सांगितलं. टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलमधला हलका अंश उडतो, उरतो तो चिकट होतो आणि कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं. गाडी चोक ओढला की चालते, चोक आत सारला की बंद. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. हे लक्ष्य आधी 2030 चं होतं, ते देशाने 2025 मध्येच गाठलं. देशाचं अभिनंदन, पण 1998 च्या रबरी नळ्यांना ही बातमी कोणी कळवली नव्हती. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पेण तालुक्याच्या जुलैत हवेत दुसरं असतं काय? मी स्वतः सुपारीसुद्धा खात नाही आणि माझी गाडी उसाची दारू पिऊन शेडमध्ये पडलेली असते, तीही विनोबांच्या गावात. ही गोष्ट मी हिला सांगितली. ती म्हणाली, "म्हणूनच धक्का मारल्याशिवाय उठत नाही."

उंदरांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. भाताचं गाव म्हणजे उंदीर आलेच. पण घरात धान्य असताना उंदराने गाडीत का जावं, हे मला कळत नव्हतं. मेस्त्रीने एअर फिल्टरचा डबा उघडला तेव्हा कळलं. आत पेंढा, गोधडीच्या चिंध्या, आमच्या विजेच्या बिलाचा अर्धा कागद आणि त्यावर गुलाबी पिल्लं. कोरडी जागा, पत्र्याचं छप्पर, वर बोनेट, मांजराला प्रवेश नाही. सबंध घरात तेवढी एकच खोली न गळणारी होती. आईबापांनी जाता-येता प्लगच्या वायरी कुरतडलेल्या. गावाने उपाय सुचवले : डांबराच्या गोळ्या, तंबाखूची पानं, निरगुडीचा पाला. मी सगळेच केले. गाडीला एकदम आयुर्वेदिक दुकानाचा वास यायला लागला आणि उंदीर तिथेच राहिले, बहुधा तब्येत सुधारून.

शेवटी उंदरांचा बंदोबस्त केला तो धामणीने. एका सकाळी मेस्त्रीने बोनेट उचललं आणि तसंच, अतिशय सभ्यपणे, खाली ठेवलं. "काका, आतमदी कोनतरी हाय." सात फुटी धामण इंजिनाला वेढा घालून पडली होती. धामण बिनविषारी असते, शेतकऱ्याची मित्र असते, हे मी त्याला समजावून सांगितलं; ते सांगताना मी ओट्यावर होतो आणि तो शेडमध्ये. सर्पमित्र येईपर्यंत अर्धं गाव गोळा झालं. धामण निघाली, रानात सोडली. पुढे कित्येक दिवस माझ्या गाडीत बसायच्या आधी प्रत्येक जण पाय उचलून सीटखाली बघायचा.

बाकीच्या दुखण्यांची नुसती नावं घेतो. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवला की मागचे ब्रेक शू ड्रमला चिकटतात. म्हणून हँडब्रेक मोकळा, गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि चाकामागे दगड. टायरची नक्षी नवी कोरी, पण कडेला भेगा. टायरवर छापलेल्या चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात, आणि माझ्या टायरांचं वर्ष वाचून मेस्त्रीने काही न बोलता हात जोडले. टायमिंग बेल्टवरून आमचा वाद झाला, कारण किलोमीटरच्या हिशेबाने तो तरुण होता. निघाल्यावर दोन बोटांनी वाकवला तर तडे गेले. सुटे भाग अजून मिळतात, हे या गाडीचं भाग्य. 2014 च्या जानेवारीत कारखान्यात 800 बनायची बंद झाली, पण तोवर देशभर इतक्या झाल्या होत्या की पेणला नाही तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर काहीतरी सापडतंच.

पंधरा वर्षं झाल्यावर नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. ती फी आधी सहाशे होती, 1 एप्रिल 2022 ला पाच हजार झाली. वर पर्यावरण कर. गाडी महिन्यात जेवढा धूर सोडते त्याहून जास्त आमची चूल सोडते, पण चुलीला नंबर प्लेट नसते. तपासणीच्या वेळी साहेबांनी मीटर बघितलं आणि विचारलं, "मीटर कधीपासून बंद आहे?" चालू आहे म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीटर मागे फिरवल्याचा गुन्हा मी कबूल करून टाकणार होतो.

सगळं झाल्यावर मेस्त्रीने पथ्य सांगितलं : आठवड्यातून एकदा सलग पंधरा-वीस किलोमीटर, मध्ये न थांबता, इंजिन चांगलं तापेपर्यंत. विनोबा रोज सकाळी उठून साधारण एवढंच चालायचे. मला ते आठवड्याला करायचं होतं, तेही बसून.

तर मी दर गुरुवारी पेणला जायला लागलो. काम काही नाही. निव्वळ तब्येतीसाठी. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. पळस्पे ते इंदापूर रुंदीकरण 2011 मध्ये सुरू झालं, त्यावर विनोदी लेख सुरू केला तर तोही संपायचा नाही. पण एक रिकामी गाडी दर आठवड्याला पेणला जाते आणि रिकामी परत येते, ही बातमी गावात किती काळ लपणार? आधी शेजारच्या काकी आल्या, त्यांना दात दाखवायचे होते. मग एकाला पोह्याच्या पापडांच्या पिशव्या पोचवायच्या होत्या. एकाला श्रावणात गणपतीची मूर्ती सांगून यायची होती, आणि भाद्रपदात ती मांडीवर घेऊन यायची होती. कोणाची बारावीची परीक्षा, कोणाचं रेशनकार्ड, कोणाची फक्त हवा बदलायची हौस. भूदान झालं, ग्रामदान झालं, संपत्तिदान झालं. आमच्या आळीत याला 'गाडीदान' म्हणतात. गुरुवारी सकाळी मी शेडमध्ये जातो तेव्हा मागच्या सीटवर तिघं आधीच बसलेली असतात आणि मलाच विचारतात, "येताय ना?"

गाडी मात्र सुधारली. पहिल्या सेल्फला उठते. झाकणाखालचं लोणी गेलं, उंदरांनी जागा सोडली, बॅटरी दुसऱ्या पावसाळ्यात आहे.

परवा गुरुवारी, सगळे दाटीवाटीने बसलेले असताना, मेस्त्रीचा फोन आला. पनवेलची एक पार्टी जुनी 800 शोधत होती. हौशी माणूस, वाटेल तो भाव द्यायला तयार. अट एकच, गाडी चाललेली नको.

"काका, मीटर किती झाला?"

मी आकडा सांगितला. पलीकडे जरा वेळ शांतता.

"एवरा? एवरी फिरवाला सांगितली कोनी तुमाला?"

मागून काकींनी मान पुढे काढली. "काय म्हणतो तो? विकताय की काय?"

"विचारतोय नुसता."

"विका खुशाल," काकी म्हणाल्या. "पण घेणाऱ्याला सांगून ठेवा, पुढच्या गुरुवारी माझी कवळी मिळायची आहे. आणि पुढची सीट माझी."