दीड पानाचा पराक्रम

गेल्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरचे चिरंजीव दीड पान कागद घेऊन उभे. "काका, तुम्ही पेपरात लिहिता ना? जरा एवढं बघून द्या. इंग्लिश बरोबर आहे का ते."

पेपरात लिहिणाऱ्या माणसाकडून नवीन पनवेलमध्ये आजवर तीनच गोष्टींची अपेक्षा असायची: पाणी आलं नाही म्हणून अर्ज, माणूस गेला म्हणून श्रद्धांजली आणि कुंडीतलं पाणी खालच्या गॅलरीत पडतं म्हणून नोटीस. त्यात आता बायोडेटाची भर पडली. मी चष्मा लावला.

चिरंजीव यंदाच संगणक अभियंता झाले आहेत. चार वर्षं आम्ही त्यांना जिन्यात खांद्यावर बॅग, कानात इअरफोनची बोंडं अशा अवस्थेत पाहत होतो. आत एवढं काही साठत असेल याची कल्पना नव्हती.

सुरुवातीलाच 'करिअर ऑब्जेक्टिव्ह'. एखाद्या गतिमान संस्थेत आपली कौशल्यं वापरून संस्थेचा आणि स्वतःचा विकास साधण्याची त्यांची इच्छा आहे. वाक्य ओळखीचं वाटलं. गेल्या वर्षी तळमजल्यावरची मुलगी मेकॅनिकलला होती, तिचीही हीच इच्छा होती. "हे कुठून आणलंस रे?" "झेरॉक्सवाल्याकडं फाइल आहे काका. आपण फक्त नाव बदलायचं." म्हणजे पनवेलमधल्या समस्त तरुणाईच्या महत्त्वाकांक्षा स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सवाल्याच्या संगणकात सुरक्षित आहेत. पानाला दोन रुपये.

पुढं शिक्षण. ही तुकडी मोठी नशीबवान. 2020 च्या मार्चमध्ये दहावीची परीक्षा चालू असताना कोरोना आला, भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीनं भूगोलाचे गुण मिळाले. न दिलेल्या पेपरचे गुण पदरात पडायची ती पहिली वेळ. पुढं सवय झाली. अकरावी मोबाइलवर पार पडली. 2022 ला बारावी झाली, इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि 30 नोव्हेंबर 2022 ला चॅटजीपीटी अवतरलं. पहिल्या वर्षाची पुस्तकं नुकती कुठं घरात आली होती. अभ्यासक्रम सुरू झाला आणि त्याच सुमारास अभ्यास संपला, असं भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

कॉलेजनं मात्र हार मानली नाही. प्रॅक्टिकलच्या फाइलमध्ये प्रोग्राम हातानंच लिहायचा, समास आखून. शेवटी आउटपुटही पेननंच. संगणकावर काय उमटलं असतं ते विद्यार्थ्यानं आधी कागदावर उमटवायचं आणि सरांनी खाली लाल सही करायची. लॅबमधल्या पडद्यावर टर्बो सी प्लस प्लस. हे गृहस्थ 1990 चे, म्हणजे चिरंजीवांपेक्षा चौदा वर्षांनी थोरले. निळ्याशार पडद्याचे. मला वाटतं, लॅबमध्ये मुलं त्याला वाकून नमस्कार करत असावीत.

आणि मग आला तो भाग, ज्यासाठी उरलेलं सगळं पान लिहिलं होतं: कौशल्यं. मी मोजली. बत्तीस. सी, सी प्लस प्लस, जावा, पायथन, जावास्क्रिप्ट, रिॲक्ट, क्लाउड, मशीन लर्निंग, ब्लॉकचेन आणि शेवटी, चुकून काही राहायला नको म्हणून, एमएस वर्ड. प्रत्येकापुढं एक छोटी पट्टी, ती किती भरली आहे ते दाखवणारी. पायथन पंच्याऐंशी टक्के. मी विचारलं, "उरलेलं पंधरा टक्के कुठलं राहिलं?" चिरंजीव म्हणाले, "ते डिझाइन आहे काका. पट्टी पूर्ण भरली तर खोटं वाटतं."

"बरं, ब्लॉकचेन येतं?"

"येतं म्हणजे... एक्स्पोजर आहे."

हा शब्द मला फार आवडला. असं बघितलं तर मलाही पोहण्याचं एक्स्पोजर आहे. गेली तीस वर्षं संध्याकाळी वडाळे तलावाच्या काठावर मी बसतो आहे.

याच पनवेलचं नाव एकेकाळी बैलगाडीच्या चाकांसाठी होतं. बंदरात गलबतांतून माल उतरायचा आणि गाड्यांतून घाटावर जायचा. 1830 साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि चाकांचं महत्त्व आणखी वाढलं. त्या वेळच्या सुताराला कुणी ऑब्जेक्टिव्ह विचारलं नसेल. चाकापुढं पट्टी काढून पंच्याऐंशी टक्के गोल असंही त्यानं लिहिलं नसेल. गाडीला लावायचं, माल भरायचा आणि खोपोलीपुढं चढ लागला की सुताराची खरी परीक्षा आपोआप व्हायची. निकाल बैल सांगायचे.

आता मधे बैल राहिले नाहीत, ही खरी अडचण आहे.

प्रकल्प: चेहरा ओळखून हजेरी लावणारी यंत्रणा. गटात चौघं. एकानं प्रोग्राम मिळवला, दुसऱ्यानं रिपोर्ट टाइप केला, तिसऱ्यानं त्या रिपोर्टचं, म्हणजे ब्लॅक बुकचं, सोनेरी अक्षरांत बाइंडिंग करून आणलं आणि चौथ्यानं पार्टी दिली. सादरीकरणाच्या दिवशी यंत्रणेनं चौघांनाही ओळखलं, चहा घेऊन आलेल्या शिपायालाही ओळखलं, फक्त सरांना ओळखलं नाही, कारण त्यांनी चष्मा बदलला होता. वर्गात हाच प्रकल्प सहा गटांनी केला. सहाही गटांची यंत्रणा चेहरे ओळखते. अजून कंपन्यांना मात्र त्यातला एकही चेहरा ओळखता आलेला नाही.

प्रमाणपत्रं सतरा. "दोन तासांचा व्हिडिओ दुप्पट वेगानं पाहिला की एका तासात होतं काका." छंदात ट्रेकिंग. कर्नाळ्याला गेले होते, एकदा. फोटो आहे. पुढं लिहिलंय, 'कुठंही जायची तयारी'. हे पनवेलकरानं लिहायची गरज नाही. एक लोकल सीएसएमटीकडं सुटते, दुसरी ऐरोलीवरून ठाण्याला जाते, कळंबोलीतून द्रुतगती मार्ग पुण्याला जातो, आणि आता तर उलव्याच्या विमानतळावरून विमानंही डोक्यावरून जातात. कुठंही जायची तयारी हा इथला स्वभाव नसून भूगोल आहे, ज्याचा पेपर रद्द झाला होता.

शेवटी प्रतिज्ञा: वरील सर्व माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे. ठिकाण: पनवेल. पेन्सिल हातात घेऊन मी पुन्हा सगळं वाचलं. ठिकाण खरं होतं.

पण चिरंजीवांना हसायचा अधिकार मला नाही. कारण समोरच्या बाजूला काय चाललंय तेही मला त्यांनीच मोबाइलवर दाखवलं. जाहिरात: 'एन्ट्री लेव्हल. नवोदितांनी अर्ज करावा. अनुभव 2 ते 3 वर्षे.' लग्नाच्या जाहिरातीत 'प्रथम वधू, दोन मुलांची आई असल्यास प्राधान्य' असं लिहावं, तसं. 2023 च्या फेब्रुवारीत विप्रोनं साडेसहा लाखांच्या बोलीवर थांबलेल्या मुलांना विचारलं, साडेतीनवर येता का? ऑगस्ट 2024 मध्ये कॉग्निझंटचा 2.52 लाखांचा, म्हणजे महिना 21 हजारांचा आकडा फिरला आणि देशभर हसू झालं. कंपनीनं खुलासा केला, हा आकडा इंजिनिअरांसाठी नाही, बाकीच्या पदवीधरांसाठी आहे. इंजिनिअरांचा जीव भांड्यात पडला. बीएस्सीवाल्यांचं भांडं कुणी विचारलं नाही. 2025 च्या जुलैत टीसीएसनं सुमारे बारा हजार माणसं कमी करायचं जाहीर केलं, त्यात मुख्यतः मधल्या आणि वरच्या पायऱ्यांवरची. म्हणजे नवख्याला अनुभव नाही म्हणून नको आणि अनुभवी महाग पडतो म्हणून नको. मधे जो कुणी उरतो, त्याच्या शोधात सगळा उद्योग आहे.

शिवाय हे दीड पान माणूस वाचतच नाही म्हणे. आधी यंत्र वाचतं. त्याला हवे ते शब्द सापडले नाहीत तर अर्ज तिथंच संपतो. म्हणून बत्तीस कौशल्यं. यंत्रानं लिहायचं, यंत्रानं वाचायचं, यंत्रानंच नाकारायचं. माणसानं फक्त चार वर्षांची फी भरायची. चुकून मुलाखतीपर्यंत पोचलाच, तर शेवटी 'कळवतो' म्हणतात. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात हा शब्द ऐकून बायकांच्या तीन पिढ्या गेल्या. आता मुलांची पाळी आली एवढंच.

कागद परत देताना मला सहज आठवलं. "अरे, आणि ते टँकरचं?"

झालं होतं असं. गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत रोज टँकर यायचे आणि महिन्याच्या शेवटी वही आणि बिल यांचा मेळ बसायचा नाही. चिरंजीवांनी वॉचमनच्या मोबाइलवर एक लहानसा प्रोग्राम बसवून दिला. वॉचमनला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून बटणावर टँकरचं चित्र. टँकर आला की दाबायचं. पहिल्या आठवड्यात घोळ झाला, कारण पंपाच्या खोलीजवळ रेंज नाही. मग चिरंजीवांनी नोंद आधी मोबाइलमध्येच साठेल आणि रेंज आली की पुढं जाईल, अशी सोय केली. वॉचमन घाईत दोनदा बटण दाबायचा. मग दहा मिनिटांत दुसरा टँकर आला तर खरंच आला का, असं ते यंत्र विचारू लागलं. त्यासाठी चिरंजीव तीन रात्री वॉचमनच्या केबिनबाहेर खुर्ची टाकून बसले होते. मला वाटलं, परीक्षेत नापास झाला असेल.

"हे बायोडेटात का नाही?"

"ते काय काका, टाइमपास होता. त्याचं सर्टिफिकेट कुठंय?"

म्हटलं, सर्टिफिकेटच हवं ना? सोसायटीकडून घेऊ. लेटरहेड आहे, गोल शिक्का आहे. लगोलग मी अर्ज लिहिला. अर्ज लिहिणं हे माझं शंभर टक्के भरलेलं कौशल्य आहे. सोमवारी सेक्रेटरीसाहेबांकडं दिला. मंगळवारी कमिटीची तातडीची बैठक झाली. एका गोष्टीचा अंदाज मला आला नव्हता: प्रोग्रामनं मे महिन्यात जेवढे टँकर मोजले, त्यापेक्षा अकरा टँकरचं बिल जास्त चुकतं झालं होतं, आणि हे इतके दिवस कुणी पडताळून पाहिलं नव्हतं. प्रोग्राम खरंच चालतो याचा दाखला मागायला जाऊन आम्ही तो चालतो हे सिद्ध करून बसलो.

बुधवारी पत्र आलं, गोल शिक्क्यासह. 'सदर प्रोग्राम सोसायटीने अधिकृतरीत्या कधीही वापरलेला नाही. चि. यांची वर्तणूक चांगली आहे. सुरक्षेच्या कारणास्तव टँकरची नोंद पूर्ववत वहीत ठेवण्यात येईल.' वॉचमनच्या मोबाइलवरून प्रोग्राम काढून टाकला गेला. काढून टाकायचा कसा, ते कमिटीत कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी चिरंजीवांनाच खाली बोलावलं.

काल नोटीस बोर्डावर नवा कागद लागला. टँकरची वही लिहिण्यासाठी माणूस पाहिजे. अर्धवेळ. मानधन समक्ष. संगणकाचं ज्ञान आवश्यक. अनुभव 2 ते 3 वर्षे.

चिरंजीवांनी अर्ज केला आहे. दीड पान तेच, बत्तीस कौशल्यं, पट्ट्यांसकट. ऑब्जेक्टिव्हमध्ये 'गतिमान संस्था'च्या जागी सोसायटीचं नाव घातलं; झेरॉक्सवाल्यानं दोन रुपये घेतले. सेक्रेटरीसाहेबांनी दोन्ही पानं बघितली, ब्लॉकचेनपाशी थोडे थांबले, मान डोलावली आणि कागद ड्रॉवरमध्ये ठेवला.

म्हणाले, "कळवतो."