दादांचं लंडन

मराठी सिनेमाचं युनिट परदेशी निघालं की विमानतळावर एक माणूस हमखास ओळखू येतो. बाकीचे गॉगल लावून सेल्फी काढत असतात. हे गृहस्थ उकिडवे बसून पेट्या मोजत असतात. गळ्यात पाऊच, पाऊचमध्ये सगळ्या युनिटचे पासपोर्ट, आणि ज्याचा त्याचा पासपोर्ट ज्याच्या त्याच्या हाती फार वेळ राहू द्यायचा नाही असा बाणा. हे प्रॉडक्शनदादा. श्रेयनामावलीत त्यांचा हुद्दा ‘प्रॉडक्शन कंट्रोलर’ असा काहीतरी भारदस्त असतो. त्यांना आईवडिलांनी ठेवलेलं नावही असतं, हे युनिटला व्हिसाचा अर्ज भरताना कळतं.

लंडनच का, असं विचारलं की दिग्दर्शक मुलाखतीत ‘कथेची गरज’ म्हणतात. कथेच्या सगळ्या गरजा दादांच्या वहीत लिहिलेल्या असतात. 2007 पासून ब्रिटनमध्ये सिनेमावाल्यांना तिथे केलेल्या खर्चावर घसघशीत करसवलत मिळते. मुख्य अट अशी, की सिनेमा ‘ब्रिटिश’ ठरला पाहिजे. त्यासाठी एक सांस्कृतिक चाचणी असते आणि तिच्यात 35 पैकी 18 गुण लागतात.

“आपण शंभरात पस्तीस काढून इथवर आलो,” दादा म्हणाले, “आणि हे पस्तिसात अठरा मागतात. निम्म्याच्या वर! पेपर कडक आहे.”

कथा कुठे घडते, पात्रं कुठली, याचे गुण मिळतात. त्यामुळे आमच्या सिनेमातली साताऱ्याची मावशी दुसऱ्या खर्ड्यात लंडनजवळ हॅरोला राहायला गेली. संवाद मी लिहीत होतो, पण मावशीचा नवा पत्ता मला दादांकडूनच समजला. पुढे नायकाच्या वडिलांचं काम करणाऱ्या नटाचा व्हिसा आला नाही. त्याच संध्याकाळी नायकाचे वडील वारले. भिंतीवर हार घातलेला फोटो लागला आणि दादांनी एक तिकीट, एक खोली आणि दोन वेळचं जेवण वाचवलं. दिग्दर्शकांना त्या फोटोत नंतर ‘अनुपस्थितीचं व्याकरण’ सापडलं, ते वेगळं.

युनिटमधल्या माणसांना पासपोर्ट असतो तसा सामानाला कार्नेट असतो. आपल्याकडे तो फिक्की देते. प्रत्येक लेन्स, प्रत्येक स्टँड, सगळं नंबरासकट त्यात लिहिलेलं. नेलं तेवढं परत आणलं नाही तर कस्टम्सचं बिल मागे लागतं. दादा त्या कागदांचं बाड उशीखाली घेऊन झोपतात. बॅटऱ्यांचं शास्त्र निराळंच. जास्तीच्या लिथियम बॅटऱ्या विमानाच्या पोटातल्या सामानात चालत नाहीत, जवळच बाळगाव्या लागतात, आणि शंभर वॅट-तासांच्या वरची असेल तर विमान कंपनीची परवानगी हवी. म्हणून दादा अठ्ठ्याण्णववाल्या मागवतात आणि सगळ्यांच्या हातपिशव्यांत प्रसादासारख्या वाटतात. नायिकेच्या मेकअपच्या डब्यातही दोन गेल्या. पेढे मात्र घरीच राहिले, कारण आपल्याकडचे दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही राहिल्या. ते पेट घेतं म्हणून विमानाला वर्ज्य.

हीथ्रोवर अधिकाऱ्याने यादी हातात घेऊन लेन्सची पेटी उघडायला लावली. फोमच्या खाचांत लेन्स ओळीने बसलेल्या, आणि एका रिकाम्या खाचेत, अगदी मापात बसवलेली, मेतकुटाची पुडी. अधिकाऱ्याने बोट यादीवरून खाली नेलं, पुन्हा वर आणलं. मेतकूट यादीत नव्हतं.

“व्हॉट इज धिस?”

“मेडिसिन, सर. डिरेक्टर्स स्टमक.”

अधिकाऱ्याने मागे उभ्या असलेल्या दिग्दर्शकांकडे पाहिलं. रात्रभराच्या प्रवासाने त्यांचा चेहरा दादांच्या बाजूने साक्ष देत होता. शिक्का पडला.

लंडन दादांना अनोळखी वाटत नाही, कारण ते लंडन बघतच नाहीत. शहर म्हणजे गाडी कुठे लावायची, संडास कुठे आहे आणि पाऊस आला तर कॅमेरा कुठे न्यायचा. टॉवर ब्रिजचं नाव निघालं की ते म्हणणार, “हां, तो. टॉयलेट लांब आहे.” शहरात बत्तीस बरो आणि वर सिटी वेगळी, शूटिंगच्या परवानग्याही ज्या त्या हद्दीच्या, या कारभाराने आमचा कॅमेरामन हैराण झाला; दादांना मात्र घरी आल्यासारखं वाटलं. महापालिका, एमएमआरडीए आणि पीडब्ल्यूडी यांच्या मधल्या खड्ड्यात आयुष्य गेलेला माणूस तो.

या सिनेमातल्या पहाटेच्या कोवळ्या उन्हाचं पुढे समीक्षकांनी कौतुक केलं. त्या उन्हाचं श्रेय कंजेशन चार्जला आहे. 2003 पासून लंडनच्या मधल्या भागात गाडी घातली की पैसे मोजावे लागतात, आणि कामाच्या दिवशी त्याचा अंमल सकाळी सातला सुरू होतो. जूनमध्ये तिथे पावणेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो. दादांनी हिशेब मांडला आणि नायिकेचा विरह पाच ते साडेसहात बसवला. सातच्या आत व्हॅन हद्दीबाहेर! रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड हटेना, तेव्हा लाईटदादा काकुळतीला आला.

“दादा, इथला सूर्य पॅकअप कधी करतो?”

“साडेनऊ. तोवर चहा घे.”

मुक्कामाच्या घरात पहिल्याच फोडणीला धुराचा भोंगा वाजला. दादांनी मेकअपदादाकडून शॉवर कॅप मागून ती त्या यंत्राला घातली. (हा उद्योग कोणी करू नये, आग लागली तर कळायचं नाही.) दुसऱ्या दिवशी नायिकेच्या केसांना हिंगाचा वास येत होता. कॅप कुठून आली हे तिला अजूनही कोणी सांगितलेलं नाही.

लग्नाच्या प्रसंगाला गर्दी हवी होती. लंडनमध्ये 1932 पासून महाराष्ट्र मंडळ आहे, म्हणजे मराठी माणसाचा दुष्काळ नाही. दादांनी ओळखीतून ओळख काढत फोन फिरवले. मंडळी स्वतःच्या पैठण्या नेसून, स्वतःच्या गाड्यांनी आली, आणि येताना बटाटेवडे घेऊन आली. कपडेपट नाही, प्रवासखर्च नाही, वर जेवणही पाहुण्यांचं. दादांचे डोळे पाणावले. मंगलाष्टकांमुळे, असं दिग्दर्शकांना वाटलं.

शेवटच्या रविवारी सगळे शहर बघायला गेले. दादा व्हॅनपाशी थांबले, कार्नेटवर एकेका नंबरासमोर टिचकी मारत. तेवढ्यात घरून व्हिडिओ कॉल आला.

“अहो, ते मोठं घड्याळ दाखवा ना.”

दादांनी फोन उंच धरून छपरांपलीकडचा बिग बेन कसाबसा दाखवला, तोही तिरका.

“दिसलं? आता इकडे बघ,” असं म्हणून त्यांनी फोन व्हॅनकडे वळवला आणि आवाज खाली आणला. “सकाळपासून उभी आहे. एक पैसा पार्किंग नाही!”