उणे दोन

घरात शिरल्यावर यजमानाकडे न बघता आधी ओव्हनकडे बघणारा पाहुणा तुमच्याही ओळखीत असणार. आमच्या ओहायोतल्या मराठी मंडळींत त्यांना नुसतं ‘काका’ म्हणतात. काका दारात बूट काढतात, थेट स्वयंपाकघरात जातात, ओव्हनवरचे हिरवे आकडे न्याहाळतात, मग कोटाच्या एका खिशातून बटाटेवड्याएवढं हॅमिल्टन घड्याळ काढतात आणि दुसऱ्या खिशातून कार्ड. “उणे दोन,” असं पुटपुटून नोंद करतात. त्यानंतर, “काय, बरं आहे ना सगळं?”

तुम्ही सातला बोलावलेलं असतं. ही नोंद होते तेव्हा आठ वाजायला वीस मिनिटं असतात. अचूक वेळ माहीत असणं आणि वेळेवर पोचणं ही काकांच्या लेखी दोन वेगळी खाती आहेत, आणि दुसरं खातं काकूंकडे आहे. काकूंनी घरातलं भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवलंय. त्याच्या कार्डावर गेली कित्येक वर्षं ‘अधिक दहा, नापास’ असं ओळीने लिहिलेलं आहे.

हे कार्ड काकांच्या डोक्यातून निघालेलं नाही. अमेरिकेतल्या रेल्वेवर एकेकाळी प्रत्येक ड्रायव्हर-गार्डला असं कार्ड बाळगावं लागे. कंपनीने गावोगावचे जवाहिरे ‘घड्याळ तपासनीस’ म्हणून नेमलेले असत. ठरलेल्या दिवशी त्यांच्या दुकानात जायचं, घड्याळ किती सेकंद पुढे-मागे आहे ते कार्डावर लिहून घ्यायचं, खाली सही. आठवड्याला तीस सेकंदांपेक्षा जास्त चूक निघाली की घड्याळ दुरुस्तीला ठेवून घेत आणि तोवर वापरायला दुसरं देत. मला हे सगळं ठाऊक आहे, कारण गेल्या रविवारी मी काकांना फक्त “चहा घेणार?” असं विचारलं होतं.

आणि काकांच्या मते या सगळ्याचं मूळ किप्टन. १८९१च्या एप्रिलमध्ये क्लीव्हलंडच्या पश्चिमेला, किप्टन नावाच्या खेड्यापाशी, एक पॅसेंजर आणि एक टपालगाडी समोरासमोर धडकल्या. टपालाच्या डब्यात पत्रं लावणारे कारकूनही त्यात मेले. एका ड्रायव्हरचं घड्याळ म्हणे चार मिनिटं बंद पडून आपोआप पुन्हा सुरू झालं होतं. त्यानंतर त्या रेल्वे कंपनीने क्लीव्हलंडचे जवाहिरे वेब बॉल यांना मुख्य तपासनीस नेमलं आणि घड्याळांना शिस्त लागली. काकांसाठी जगातल्या सगळ्या दुःखांचं कारण ही चार मिनिटं आहेत. पोळी करपली, चार मिनिटं. कुणाचा घटस्फोट झाला, “त्यांचंही कुठेतरी चार मिनिटं बंद पडलं असणार.”

पुण्याहून आलेल्या आमच्या मेव्हण्यांना नायगारा बघायचा होता. काका म्हणाले, “मी नेतो, वाटेत एक ठिकाण दाखवतो.” नायगारा पूर्वेला, किप्टन पश्चिमेला. तिथे आता रूळसुद्धा उरलेले नाहीत, त्या जागेवरून सायकलचा रस्ता जातो. मेव्हणे त्या रस्त्याकडे बघत उभे, काका डोळे मिटून चार मिनिटं मोजतायत, मागून एक सायकलवाली बाई घंटी वाजवतेय. नायगारा राहिला. मेव्हण्यांच्या हातातल्या घड्याळाचं मात्र कार्ड झालं. अधिक एक.

मोबाइलचं कार्ड ते करत नाहीत. “त्याला काय तपासायचं? तो आकाशातून कॉपी करतो.”

कहर झाला तो एका लग्नाच्या बोलणीत. पत्रिका छान जुळली होती, दोन्हीकडचे पेढे उघडायच्या बेतात होते. काकांनी मुलीची जन्मवेळ वाचली आणि शांतपणे विचारलं, “प्रसूतिगृहातलं घड्याळ त्याआधी कोणी तपासलं होतं?” मुलीचे वडील म्हणाले, “काय?” काका म्हणाले, “चार मिनिटांत नवांश बदलू शकतो की नाही?” ते लग्न झालं, पण काकांना आमंत्रण नव्हतं.

काकांच्या तळघरात अशी एकेचाळीस घड्याळं आहेत. वॉल्थॅम, एल्जिन, इलिनॉय, हॅमिल्टनचं ९९२ मॉडेल तर सहा. रेल्वेच्या घड्याळाची चावी डोक्यावर, बाराच्या आकड्याशी. तबकडी पांढरी, आकडे ठळक काळे, झाकण नाही. आणि वेळ लावायची तर काच फिरवून काढायची, आतली बारीक पट्टी नखाने ओढायची, तेव्हा कुठे काटे हलणार. चावी देता देता चुकून वेळ बदलू नये म्हणून. हे ते प्रत्येक पाहुण्याला करून दाखवतात. “एकवीस माणकं आहेत ह्याच्यात,” म्हटलं की वरून जिन्यातून काकूंचा आवाज येतो, “माझ्या कानात एकही नाही.”

पण घड्याळांहून काकांना वेड त्या तपासनिसांचं. कुठल्याशा तबकडीवर गावच्या जवाहिऱ्याचं नाव छापलेलं असतं, मागच्या झाकणाच्या आत दुरुस्ती करणाऱ्याने सुईने खुणा कोरलेल्या असतात. तेवढ्यावरून हे गृहस्थ त्या गावचं ग्रंथालय गाठतात, शंभर वर्षांपूर्वीच्या नगर-निर्देशिका उलटतात, दुकान कोणत्या गल्लीत होतं ते शोधतात. रात्री गाडी चालवायला त्यांना डॉक्टरांनी मनाई केल्यापासून ड्रायव्हर मी. माझी गाडीही कार्डावर आहे. नोव्हेंबरात घड्याळं मागे घेतात तेव्हा मी गाडीतलं बदलत नाही, मार्चमध्ये ते आपोआप बरोबर होतं. “अधिक साठ मिनिटं. सेवेतून बाद,” असा शेरा आहे.

गेल्या डिसेंबरात अशाच एका गावी गेलो. त्या जवाहिऱ्याच्या दुकानाच्या जागी नखं रंगवायचं दुकान निघालं. काका बाहेर बर्फात उभे राहून पाटी वाचत होते. परतताना मी वैतागून विचारलं, “काका, या मेलेल्या सोनारांशी तुमचं काय घेणंदेणं?”

बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, “बाबा भुसावळला गार्ड होते. घड्याळ रेल्वेचं. आम्हा पोरांना हात लावू द्यायचे नाहीत, सरकारी वस्तू. रिटायर झाले त्या दिवशी जमा केलं, रजिस्टरवर सही केली, घरी आले. इथल्या माणसाला स्वतःच्या पगारातून घ्यावं लागायचं, पण मग ते पोराकडे तरी राहिलं.” थोडं थांबून, “वर्षभर त्यांचा हात खिशाकडे जायचा. शेवटी तिथे तपकिरीची डबी ठेवायला लागले.”

पुढे भुसावळच्या त्या घड्याळाचा क्रमांक काय होता, ते कोण तपासायचं, हे मी विचारलं नाही. त्यांना माहीत असतं तर मला तीन वेळा सांगून झालं असतं.

गाडीतलं घड्याळ नऊ बारा दाखवत होतं. वाजले होते आठ बारा. काकांनी तिकडे पाहिलं, हात कोटाच्या खिशात गेला. मी वाट बघितली. शेवटी मीच म्हटलं, “लिहा की काका, अधिक साठ.”

“गाडी चालव,” ते म्हणाले.

खिशातला हात त्यांनी घर येईपर्यंत बाहेर काढला नाही.