वक्षाचे सर

सोयाबीन फुलोऱ्यात आलं की रिसोडला सरांच्या ओट्यावर माणसं काडेपेट्या घेऊन येतात. पेटीत काडी नसते, किडा असतो. सर जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. पण त्यांचा सगळा जीव किड्याच्या वक्षात. डोकं त्यांच्या लेखी खाण्यापुरतं, पोट पचवण्यापुरतं. "चालणं, उडणं, कर्तृत्व म्हणून जे काही ते छातीत!" असं म्हणत ते छाती पुढे काढतात. आधी पोट येतं, हा भाग वेगळा.

"सर, याले काय मारू?"

"आधी सांग, वक्षाचे भाग किती?"

गडी गप्प. सर सुरू. "तीन! अग्रवक्ष, मध्यवक्ष, पश्चवक्ष. प्रत्येकाला पायांची एकेक जोडी. पंख मात्र मागच्या दोघांनाच." अग्रवक्षाचं नाव घेताना सरांचा आवाज कातर होतो. धाकट्या भावांना पुण्या-मुंबईला उडवून स्वतः रिसोडात राहिलेल्या थोरल्याचं दुःख त्यांना ठाऊक आहे.

मग खोडमाशी येते. तिच्या पश्चवक्षावर पंखांच्या जागी तोल सांभाळणाऱ्या दोन इवल्या गाठी. उडण्याचा सगळा भार मध्यवक्षावर, म्हणून तोच फुगलेला. पाठोपाठ चक्रीभुंगा. त्याचे पुढचे पंख म्हणजे कडक झाकण, उडायचं ते मागच्यांनी. तोवर शेतकऱ्याची बस निघून गेलेली असते.

घरातही तेच. "अहो, झुरळ!" बाई ओरडल्या, तर सर भिंग घेऊन धावले. "घाबरू नकोस. तू ज्याला डोकं समजतेस ती अग्रवक्षाची ढाल आहे. डोकं तिच्याखाली दडलंय."

बाईंनी चप्पल हाणली. "आता शोधा!"

गावाला सरांची सवय झाली आहे. परवा एक पोरगा काडेपेटी उघडण्याआधीच म्हणाला, "सर, वक्षाले पायाच्या तीन जोड्या, मोजून आणल्या. पोटालेबी तीनच हायेत, पाच नाहीत. म्हून कुबड काढून चालते. उंट अळी हाय. आता तरी औषध सांगा!"

सरांनी भिंग लावून अळी न्याहाळली, पोराची पाठ थोपटली आणि काडेपेटी परत केली.

"वक्षापर्यंत अगदी बरोबर. पोटाचं आणि औषधाचं कृषी सहायकाला विचार."